तो परत आलाय आणि तिनं डोळे मिटलेत : युद्धकाळातल्या मासिकांमधली प्रेमचित्रं

जुनी_वही

मागच्या रविवारी सासूबाईंच्या मामांचं पार्ल्याचं घर आवरायला गेलो होतो. मामा युद्धाच्या काळात मुंबईच्या गोदीत कारकून होते. माळ्यावर पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात एका जुन्या लुगड्याच्या घडीत अमेरिकन मासिकांची सुटी पानं निघाली. नऊ पानं. कडा बिस्किटासारख्या झालेल्या, हात लावला की भुगा. एखाद्या जहाजावरून उतरलेल्या कुणी दिली असतील. आता विचारायला मामाही नाहीत आणि मामीही.

त्यातलं एक पान मी तासभर हातात धरून बसले. गणवेशातला जवान, त्याची पाठ आणि थोडा गाल. त्याच्या खांद्यावरून तिचा चेहरा, डोळे मिटलेले. मागे काहीच नाही, कोरा कागद. खाली ओळ : ‘बॅक होम फॉर कीप्स’. म्हणजे आता आला तो कायमचा आला. आणि त्याहून खाली काटे-चमचे! ओनायडा कम्युनिटी नावाच्या कंपनीची जाहिरात. कोपऱ्यात सही, जॉन व्हिटकम्ब.

घरी आल्यावर आमच्यात दोन तट पडले. लेक म्हणते, "आई, लाखो माणसं मरत होती आणि हे लोक चमचे विकायला गुलाबी चित्रं काढत होते." तिचं चूक आहे असं म्हणवत नाही. पण पान ठेवूनही देववेना.

तर दोन प्रश्न. ही चित्रं खोटी म्हणायची का? आणि हे पान फ्रेम करावं की आहे तसं ठेवावं?

टवाळ_पोर

रुमाल टाकून ठेवतोय. संध्याकाळी निवांत वाचतो.

ट्रेसिंग_पेपर

वही ताई, तुमच्या हाती काय लागलंय याची कल्पना आहे का! मी तीस वर्षं जाहिरातींसाठी चित्रं काढली. कॉलेजात असताना फुटपाथवरच्या जुन्या अमेरिकन मासिकांवरच आमचं निम्मं शिक्षण झालं, त्यामुळे जरा लांब लिहितो.

व्हिटकम्बचा जन्म १९०६चा, ओक्लाहोमातला. न्यूयॉर्कला चार्ल्स कूपरबरोबर त्यानं जो स्टुडिओ उभा केला, तो त्या काळातल्या मासिक-चित्रांचा कारखानाच होता. कोबी व्हिटमोर तिथलाच. ‘लेडीज होम जर्नल’, ‘गुड हाउसकीपिंग’, ‘कॉलियर्स’, ‘मॅकॉल्स’, ‘कॉस्मोपॉलिटन’ या मासिकांत दर अंकाला तीन-चार प्रेमकथा असायच्या आणि प्रत्येक कथेला दोन पानं पसरलेलं एक चित्र लागायचं. बायका अंक हातात घेतला की आधी चित्र बघायच्या आणि मग कथा वाचायची की नाही ते ठरवायच्या. चित्रकाराचं नाव लेखकापेक्षा जास्त चालायचं.

तुम्ही म्हणता ना, मागे कोरा कागद, तीच या पिढीची खरी हुशारी. आधीची पिढी तैलरंगात आख्खी खोली रंगवायची. पडदे, खुर्च्या, खिडकीतलं झाड, सगळं. या लोकांनी खोली काढून टाकली. चेहरे इतके जवळ आणले की बघणाराही त्या मिठीत आल्यासारखा होतो. ॲल पार्कर हा यातला गुरू, तोही १९०६चाच, सेंट लुईसचा. ‘लेडीज होम जर्नल’साठी त्यानं १९३९पासून आई आणि मुलगी एकसारख्या कपड्यांत अशी मुखपृष्ठं केली. मधे युद्ध आलं, गेलं, ती जोडी १९५२पर्यंत चालली. त्यावरून मायलेकींनी सारखे कपडे शिवायची टूम निघाली.

रंग बहुतेक ग्वाश. आपले पोस्टर कलर त्याचेच भाऊबंद. झटपट वाळतो, चकाकत नाही, त्यामुळे छपाईसाठी फोटो स्वच्छ येतो. पण वाळला की रंगाची छटा बदलते, म्हणून गालावरचा गुलाबी आधीच अंदाजानं वेगळा कालवावा लागतो. आमचे सर एक गोष्ट दाखवायचे. मिठीचं चित्र खरं की खोटं ते चेहऱ्यात बघू नका, तिची बोटं बघा. बोटांखाली त्याच्या कोटाचं कापड दबलंय का? दबलं असेल तर तिथून दोन-तीन सुरकुत्या बोटांकडे ओढलेल्या दिसतात. व्हिटकम्बच्या चित्रात त्या सुरकुत्या असतात. नुसता हात ठेवलेला नसतो, धरलेलं असतं. मी त्याचं एक चित्र नकलायला घेतलं होतं, चेहरा दोन दिवसांत जमला आणि त्या तीन सुरकुत्यांना आठवडा गेला.

माझं उत्तर : खोटी नाहीत. पण फ्रेमचं कुणी जाणकार सांगेल तर बरं.

अबोली७२

वाचनखूण साठवली. ट्रेसिंगकाका, आता प्रत्येक चित्रात बोटंच बघत बसणार मी.

सातारी_कंदी

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका.

आमचे आजोबा पाचव्या मराठा पलटणीत, इटलीत होते. यशवंत घाडगे जिथे १० जुलै १९४४ला पडले आणि ज्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्याच मोहिमेत. आजी साडेतीन वर्षं गावी. आजीला अक्षरओळख नव्हती. पत्र आलं की शाळेचे गुरुजी पारावर बसून मोठ्यांदा वाचायचे आणि आजूबाजूला अर्धं गाव. त्यामुळे आजोबा पत्रात काय लिहिणार? ‘बैलाला जपा. पाऊस कसा आहे कळवा.’ एवढंच. दर पत्रात ‘बैलाला जपा’.

आजोबा परत आले तेव्हा आजी शेतात होती. ती आली, त्यांनी पाणी मागितलं, तिनं दिलं. कुणी कुणाला मिठी मारली नाही. सासरा समोर बसलेला! परत आलेला माणूस रात्री ओरडत उठायचा, ते पुढं कितीतरी वर्षं चाललं. हे कुठल्या चित्रात आहे? अमेरिकेतल्या त्या पोरींना चित्रकारांनी सांगितलं की तो जसा गेला तसाच कोऱ्या गणवेशात परत येईल. मी तरी याला फसवणूक म्हणतो.

जुनी_वही

कंदी दादा, राग कसला. तुमचं वाचून लेकीला वाचून दाखवलं. ‘बैलाला जपा’ पाशी तिचाही आवाज थांबला.

ताळेबंद

मी सीए, चित्रातलं कळत नाही. पण चमच्यांबद्दल लिहितो.

युद्धात ओनायडाचा कारखाना मुख्यतः लष्करी सामान बनवत होता. म्हणजे चमचे दुकानात मिळणं कठीण आणि जाहिराती मात्र जोरात. असं का? एक तर लोकांच्या डोक्यात नाव राहावं, युद्ध संपलं की लाखो लग्नं होणार हे त्यांना दिसत होतं. दुसरं कारण कराचं. अमेरिकेत जादा नफ्यावर ९० टक्क्यांच्या घरात कर होता आणि रास्त जाहिरातखर्च नफ्यातून वजा करायला मुभा होती. म्हणजे जाहिरातीवरचा मोठा भाग नाहीतरी सरकारात गेला असता. युद्धकाळात विकायला माल नसलेल्या कंपन्यांनी सुंदर सुंदर जाहिराती केल्या त्याचं हे एक कारण.

टवाळ_पोर

निवांत वाचलं. ताळेबंद काका, प्रेमाच्या धाग्यावर जादा नफा कर आणणारे तुम्ही पहिलेच. पण मजा आली, खरंच माहीत नव्हतं.

इतिहासाचा_किडा

ओनायडाबद्दल आणखी सांगायलाच हवं. ही कंपनी निघाली एका धार्मिक वसाहतीतून. जॉन हम्फ्री नॉइस नावाच्या माणसानं १८४८ला न्यूयॉर्क राज्यात ती वसवली. तिथे एकाच जोडप्याचं लग्न हे पाप मानत. सगळे पुरुष सगळ्या बायकांचे नवरे, अशी त्यांची व्यवस्था. १८८१मध्ये वसाहत मोडली आणि तिचीच शेअर कंपनी झाली, पुढे काटे-चमच्यांत नाव काढलं. आणि साठेक वर्षांनी त्याच नावाखाली ‘माझा एकच, तो परत आला’ हे चित्र देशभर पोचलं. वही ताईंच्या पानावरचा ‘कम्युनिटी’ हा शब्द तिथला आहे.

मडगावकर

मिठी आणि मिटलेले डोळे म्हटलं की मला आमचे दोघे चित्रकार आठवतात. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. दोघेही गोंयचे, दोघांचं कर्तृत्व मुंबईत. दलालांचा जन्म १९१६चा, मुळगावकरांचा १९१८चा. म्हणजे व्हिटकम्ब-पार्करपेक्षा दहाएक वर्षांनी लहान, पण काम त्याच काळात भरात आलं. दलालांनी ‘दीपावली’ सुरू केला तो १९४५ला, युद्ध संपलं त्याच वर्षी.

आमच्या घरी दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ आजी फाडून देवघराशेजारी लावायची. वडील म्हणायचे, अगं, देवाशेजारी ही शेवंती माळलेली बाई कशाला? आजी म्हणायची, असूं दे, बरी दिसता. सगळं श्रेय मुळगावकरांच्या त्या तुकतुकीत त्वचेला.

ट्रेसिंग_पेपर

मडगावकर, अवांतर आहे पण मोह आवरत नाही. मुळगावकरांची ती कातडी स्प्रेची. कुठे ब्रशचा फराटा दिसत नाही. दलालांचा जोर रेषेवर. एकाच बाईला दोघांनी काढलं तर मुळगावकरांची बाई हात लावून बघावीशी वाटेल आणि दलालांची उठून चालायला लागेल. मी दलालांच्या बाजूचा.

अबोली७२

मी मुळगावकरांच्या बाजूची! आमच्या कॅलेंडरवरची ती कृष्णाची निळी छटा अजून कुणाला जमलेली नाही. भांडण करायचं असेल तर वेगळा धागा काढा, मी येते.

मडगावकर

दोघांनाही गोंयात ठेवलंत, बस्स. भांडू नका.

योकोहामाची_सुनबाई

कंदी दादांच्या ‘फसवणूक’ या शब्दावर विचार करतेय. मी जपानमध्ये बावीस वर्षं आहे. इथली एक गोष्ट सांगते.

नाकाहारा जुनइची नावाचे चित्रकार होते, जन्म १९१३. ‘शोजो नो तोमो’ म्हणजे ‘मुलींची मैत्रीण’ या मासिकाची मुखपृष्ठं ते करत. बारीक मान, मोठे ओले डोळे, कुठेतरी लांब बघणारी मुलगी. देशभरच्या शाळकरी मुली त्या चित्रांवर जीव टाकायच्या. १९४०मध्ये लष्कराच्या दबावाखाली त्यांची चित्रं मासिकातून बंद करण्यात आली. युद्धाच्या काळात अशी नाजूक, उदास मुलगी चालणार नाही, म्हणून. त्या चित्रांत राजकारणाचं अक्षर नाही. पण नुसती खिडकीशी बसून कुणाची तरी आठवण काढणारी मुलगीही सत्तेला खुपली!

युद्ध संपल्यावर, १९४६ला, खायची भ्रांत असताना त्यांनी ‘सोरेइयू’ मासिक काढलं, १९४७ला मुलींसाठी ‘हिमावारी’. माझ्या सासूबाईंच्या आईनं त्यातले आराखडे बघून जुन्या किमोनोचे फ्रॉक शिवले होते. एक अजून आहे आमच्याकडे. आतल्या शिवणीला तीन वेगवेगळ्या रंगांचे दोरे आहेत, कारण एका रंगाचा पुरेसा दोरा मिळायचा नाही.

म्हणून मला वाटतं, एका देशात प्रेमचित्र युद्धाच्या कामी आलं आणि दुसऱ्या देशात त्याच्यावर बंदी आली, तर चित्रात काहीतरी खरं असणारच. सत्तेला तिथे त्याचा उपयोग दिसला, इथे भीती वाटली.

जुनी_वही

सुनबाई, ते तीन दोरे डोळ्यांपुढून जात नाहीयेत.

पडद्यामागे

‘युद्धाच्या कामी आलं’ याबद्दल थोडं. अमेरिकेत सरकारचं युद्ध-माहिती कार्यालय होतं, त्यात मासिकांसाठी वेगळा विभाग. ते संपादकांना मार्गदर्शिका पाठवायचे. या महिन्यात कथांमध्ये कारखान्यात काम करणारी नायिका आणा, रेशनिंगची कुरकूर नको, वगैरे. जुलै १९४२मध्ये सुमारे पाचशे मासिकांनी एकाच वेळी मुखपृष्ठावर झेंडा छापला. सप्टेंबर १९४३मध्ये अशीच मोहीम काम करणाऱ्या बायकांच्या मुखपृष्ठांची झाली. सक्ती नव्हती, पण कागद सरकारच्या नियंत्रणात होता आणि संपादकही देशप्रेमीच होते.

त्यामुळे हे चित्र एकट्या चित्रकाराच्या मनातून उतरलं असं समजू नये. वाट बघणारी बाई टापटीप, हसतमुख, निष्ठावान असावी, ही त्या वेळची गरज होती. माझं मत कंदी यांच्या जवळ जातं.

काजळरेघ

सगळे बायकांच्या मासिकांबद्दल बोलताय, सैनिकांच्या पेटीत काय होतं तेही बघा. ‘एस्क्वायर’ या पुरुषांच्या मासिकात व्हार्गानं काढलेल्या मुली. आल्बेर्तो व्हार्गस मूळचा पेरूचा, आरेकिपा शहरातला. मासिकानं त्याच्या नावातला शेवटचा ‘स’ काढून ‘व्हार्गा’ केलं आणि पुढे तंटा कोर्टात गेला तेव्हा ते नाव मासिकाकडेच राहिलं. माणूस स्वतःच्याच सहीला मुकला. त्या चित्रांच्या नकला मुलांनी विमानांच्या नाकाडावर रंगवल्या. आणि १९४३ला अमेरिकन टपाल खात्यानंच या मासिकाची सवलतीची टपालसेवा बंद करायचा घाट घातला, अश्लील म्हणून. १९४६ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल मासिकाच्या बाजूनं दिला.

आता फरक बघा. व्हार्गाची मुलगी एकटी आहे, ती बघणाऱ्याकडे बघते. व्हिटकम्बच्या चित्रात दोघं आहेत आणि तिचे डोळे मिटलेले आहेत, ती कुणाकडेच बघत नाही. पहिलं चित्र त्याच्यासाठी, दुसरं तिच्यासाठी. मुलींनी ओनायडाची ही पानं कापून वसतिगृहाच्या खोल्यांत भिंतीवर लावली होती. बायकांनी भिंतीवर लावायचं चित्र बायकांनीच निवडलं, ही गोष्ट मला मोठी वाटते. ते सरकारनं नव्हतं सांगितलं.

पडद्यामागे

काजळरेघ, हा मुद्दा मान्य. भिंतीवर काय लावायचं ते मार्गदर्शिकेत नव्हतं.

शाई_आणि_बोरू

एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. या सगळ्या चित्रांत गोरीच माणसं आहेत. दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णीय अमेरिकन गणवेशात होते. त्यांच्याही बायका वाट बघत होत्या. चकचकीत मासिकांत त्यांची मिठी कुठे? ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये कृष्णवर्णीय माणूस दाखवायचा तर नोकराच्या कामात, असा दंडक होता, हे तिथला चित्रकार नॉर्मन रॉकवेल यानंच पुढे सांगितलं.

आणि त्याच काळात ई. सिम्स कॅम्पबेल होता. जन्म १९०६. (१९०६ हे काय वर्ष होतं! व्हिटकम्ब, पार्कर आणि हा.) मोठ्या खपाच्या मासिकांत सातत्यानं छापला गेलेला पहिला कृष्णवर्णीय चित्रकार. ‘एस्क्वायर’चा तो मिशीवाला बुटका म्हातारा त्याच्याच हातचा. वाचकांतल्या कितीकांना चित्र काढणाऱ्याचा रंग माहीतही नव्हता. त्यानं काढलेल्या बहुतेक नायिकाही गोऱ्याच, कारण छापलं तेच जायचं. ज्याला आपल्या माणसांची मिठी काढता येत होती त्याला ती छापायला पान नव्हतं. कंदी दादा, तुमच्या आजीच्या यादीत या बायकाही धरा.

सातारी_कंदी

धरल्या.

अबोली७२

सगळ्यांना आठवणारं ते टाइम्स स्क्वेअरचं चुंबन, खलाशी आणि पांढऱ्या पोशाखातली मुलगी, आयझेनस्टाटनं १४ ऑगस्ट १९४५ला काढलेला फोटो. लहानपणापासून मला वाटायचं की तो परत आलाय आणि त्याची मैत्रीण भेटली. ते तर एकमेकांना ओळखतही नव्हते! ती मुलगी म्हणून जिचं नाव पुढे आलं, त्या ग्रेटा फ्रीडमन यांनी सांगितलं की मला कुणी विचारलं नव्हतं, त्यानं येऊन धरलं. फोटो खरा असूनही गोष्ट आपण आपल्या मनाची लावली. मग चित्र खोटं आणि फोटो खरा असं तरी कसं म्हणायचं?

ट्रेसिंग_पेपर

अबोली, फार बरोबर.

कंदींच्या फसवणुकीच्या मुद्द्यावर मला एक सांगायचं होतं, काल रात्रभर तेच डोक्यात होतं. व्हिटकम्ब नुसता स्टुडिओत बसून मिठ्या काढत राहिला नाही. तो नौदलात गेला, अधिकारी झाला, आणि पॅसिफिकमध्ये युद्धचित्रकार म्हणून सायपान, टिनियन आणि पेलेलिउ या बेटांवरच्या चढायांमध्ये होता. पेलेलिउ म्हणजे काय ते बघायचं तर टॉम ली या चित्रकाराची चित्रं बघा. तो ‘लाइफ’ मासिकासाठी १५ सप्टेंबर १९४४ला सैनिकांबरोबर त्या किनाऱ्यावर उतरला होता. त्यानं काढलेला एक सैनिक आहे, डोळे उघडे, पण कुठेच न बघणारे. दुसऱ्या एका चित्रात मरता मरता चालणारा जवान, अर्धं अंग रक्तानं माखलेलं. जून १९४५मध्ये ‘लाइफ’नं ती छापली.

एकाच बेटाच्या युद्धात होते दोघं. एकाचं नाव त्या उघड्या डोळ्यांमुळे राहिलं, दुसऱ्याचं मिटलेल्या डोळ्यांमुळे. व्हिटकम्ब परत आला आणि पुन्हा प्रेमचित्रंच काढायला लागला, पुढे कितीतरी वर्षं. मी तरुण असताना याला धंदेवाईकपणा म्हणायचो. आता वाटतं, जे पाहिलं ते पाहून आल्यावरही ज्याला ती तीन सुरकुत्यांची पकड काढावीशी वाटली, त्याला ती पकड महत्त्वाची वाटत असणार.

काजळरेघ

काका, ही पोस्ट मी कापून ठेवली.

इतिहासाचा_किडा

जाता जाता, रॉकवेलचं नाव निघालंय तर २६ मे १९४५चं ‘पोस्ट’चं मुखपृष्ठ बघाच. विटांची जुनी चाळ, अगदी आपल्या गिरगावची वाटावी अशी. तांबड्या केसांचा जवान पाठमोरा उभा. आई हात पसरून, भावंडं, कुत्रा, छपरावर काम करणारा माणूस, झाडावर चढलेली पोरं, सगळे त्याला बघून ओरडतायत. आणि भिंतीच्या कोपऱ्याशी, सगळ्यांच्या नजरेआड, एक मुलगी अंग चोरून उभी. तिला पुढे जायचा हक्क अजून मिळालेला नाही. त्या चित्रात मिठीच नाही. मिठीच्या आधीचा क्षण आहे.

सातारी_कंदी

किडा, ते चित्र शोधून बघितलं. भिंतीशी उभी ती मुलगी बघून काल आत्याला फोन लावला. सहज विचारलं, आजोबा इटलीत असताना आजीकडे त्यांचं काही होतं का?

आत्या म्हणाली, फोटो होता. तिकडच्या कुठल्याशा शहरात काढलेला, गणवेशात, मागे पडद्यावर रंगवलेले खांब. पत्रातून आला होता. तो गुरुजींनी पारावर सगळ्यांना दाखवला, मग सासऱ्याकडे गेला, मग ओसरीवर लागला. चारचौघांत आजी त्याच्याकडे मान वर करून बघायची नाही. पण पहाटे दळायला उठली की आधी ओसरीवर जाऊन यायची. हातात चिमणीचा दिवा घेऊन. आत्या तेव्हा चार वर्षांची, तिला वाटायचं आई दाराची कडी बघायला जाते.

माझं म्हणणं मी पूर्ण मागे घेत नाही. रात्रीचं ओरडणं कुणी चित्रात काढलं नाही, ते नाहीच काढलं. पण ‘फसवणूक’ हा शब्द घाईत वापरला. आजीला कुणी फसवलं नव्हतं, तिला ते बघायचं होतं.

योकोहामाची_सुनबाई

दादा, आत्यांना माझा नमस्कार सांगा.

कागदकाम

उशिरा आले. जुने दस्तऐवज दुरुस्त करणं हे माझं काम, म्हणून ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर येते. तो अजून तसाच पडलाय!

लॅमिनेशन करू नका. कुणी कितीही सांगितलं तरी नाही. चिकटपट्टी लावू नका, पारदर्शक तर मुळीच नाही, तिचा डिंक पुढे तपकिरी होऊन आरपार उतरतो. त्या मासिकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल असतं, म्हणून कडा बिस्किट होतात. प्रत्येक पान आम्लमुक्त कागदात वेगवेगळं ठेवा आणि आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये आडवं ठेवा. मुंबईच्या पावसात लोखंडी कपाटात नको, भिंतीला टेकून नको. फ्रेम करायचीच असेल तर चांगला स्कॅन करून त्याची प्रिंट लावा. मूळ पान उजेडात लावलंत तर गालावरचा गुलाबी सगळ्यात आधी जाईल.

आणि एक विचारू? तुम्ही लिहिलंय की पानं लुगड्याच्या घडीत होती. लुगडं मामींचं ना? मग पानं मामांची कशावरून?

जुनी_वही

कागदकाम ताई, तुमचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला. नऊ दिवस मी ‘मामांची पानं’ म्हणत होते.

काल सासूबाईंना विचारलं. त्यांना त्या पानांबद्दल काही माहीत नाही. पण त्यांनी दुसरंच सांगितलं. १४ एप्रिल १९४४, गोदीतला तो स्फोट. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटलं तो दिवस. दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकाच जहाजात होत्या. दुपारी चार वाजून गेल्यावर आधी एक, मग त्याहून मोठा दुसरा. शेकडो माणसं गेली, आकाशातून जळता कापूस पडत होता. सासूबाई तेव्हा सात वर्षांच्या, मामींकडे सुट्टीला आलेल्या. पार्ल्यापर्यंत बातमी पोचली, मामांचा पत्ता नाही. मामी दारात उभ्या राहिल्या त्या जेवायला आत आल्या नाहीत. मामा रात्री दोनला चालत आले. सदऱ्याची एक बाही नव्हती, केसांत राख. सासूबाई झोपेचं सोंग घेऊन बघत होत्या. म्हणाल्या, "मामीनं त्याला धरलं ते सोडलंच नाही गं. दिवा पण लावला नाही."

पानं त्या आधीची की नंतरची, मामींनी ती का ठेवली, हे आता कळणार नाही आणि मी लावूनही घेणार नाही. लेकीनं हे सगळं ऐकलं आणि काही न बोलता स्टेशनरीच्या दुकानांत आम्लमुक्त कागदासाठी फोन करायला लागली. दादरला एका ठिकाणी मिळतोय. उद्या आणतो.

पान आज पुन्हा नीट पाहिलं, ट्रेसिंगकाकांनी सांगितलं तसं. चेहरा झाकून, फक्त तिची बोटं. सुरकुत्या आहेत. चार.